शीतगृहाचे इशारे टेलिग्रामवर कसे पाठवावेत

रावेर-सावदा पट्ट्यातील केळीच्या शीतगृहात तापमान बराच वेळ 13 अंशांच्या खाली राहिले, तर सालीवर काळपट छटा येते. म्हणून प्रोमेथियसने (तापमानासारखी मोजमापे सतत नोंदवणाऱ्या देखरेख-सॉफ्टवेअरने) टिपलेला बिघाड पडद्यावर दिसून भागत नाही, तो मध्यरात्रीही माणसाच्या मोबाइलवर पोहोचावा लागतो. ते काम त्याचा जोडीदार प्रोग्रॅम अलर्टमॅनेजर करतो.

प्रथम टेलिग्रामवरील बॉटफादर या अधिकृत खात्याकडून बॉट (आपोआप संदेश पाठवणारे खाते) तयार करून टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, घ्यावे, बॉटला कर्मचाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सामील करावे आणि ग्रुपचा चॅट आयडी मिळवावा. हा आयडी ऋण चिन्हाने सुरू होतो. ते चिन्ह गळाले की संदेश जात नाही (माझा अर्धा दिवस त्यातच गेला). टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे बरे. मग अलर्टमॅनेजरच्या मांडणीच्या फाइलमध्ये रिसीव्हर (संदेश कुठे जाणार) व राउट (कोणता इशारा कोणत्या रिसीव्हरकडे) लिहून ती फाइल अ‍ॅमटूल या सोबतच्या साधनाने तपासावी.

खरी मेहनत वेळा ठरवण्यात आहे. मूळ मांडणीत पहिला संदेश 30 सेकंद थांबून जातो, तर न सुटलेला इशारा 4 तासांनी पुन्हा येतो. केळीसाठी हे अंतर फार आहे, ते 30 मिनिटांवर आणावे. उलट, दार उघडल्यावर तापमान थोडा वेळ चढतेच, त्यासाठी प्रोमेथियसच्या इशाऱ्याच्या नियमात बिघाड 10 मिनिटे टिकण्याची अट घालावी, नाहीतर लोक ग्रुप म्यूट करतात.

वीज जाऊन सर्व्हरच बंद पडला, तर इशारा पाठवणार कोण? त्यासाठी सतत चालू राहणारा वॉचडॉग (‘यंत्रणा जिवंत आहे’ एवढेच सांगणारा) इशारा वेबहुकने, म्हणजे ठरलेल्या वेब-पत्त्यावर आपोआप जाणाऱ्या संदेशाने, दर काही मिनिटांनी बाहेरच्या सेवेकडे पाठवावा. तो येणे थांबले की ती सेवा स्वतः कळवते.