टंचाईच्या काळात एसयूव्ही घ्यायची आहे? नवी की वापरलेली, ते असं ठरवा

एरवी गाडी घेणाऱ्याला एकच सल्ला मिळतो: तीन वर्षं जुनी घ्या, पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो. गाड्यांचा पुरवठा सुरळीत असतो तोवर हा सल्ला बरोबरच आहे. टंचाई आली की मात्र तो उलटतो, कारण ज्यांना नवी गाडी मिळत नाही ते सगळे त्याच तीन वर्षं जुन्या गाडीच्या मागे लागतात.

२०२१ मध्ये हेच झालं. २०२० मध्ये महामारीमुळे मागणी बसली, म्हणून गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर कमी केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता फोन आणि लॅपटॉपकडे वळवली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा रांगेतली जागा गेलेली होती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या थंडीच्या लाटेने तिथले चिपचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांचा, तुटवडा पडला. काही ठिकाणी वर्षभर वापरलेली एसयूव्ही नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली गेली. पुरवठा सुधारला तशा जुन्या गाड्यांच्या किमती उतरल्या, आणि चढ्या भावात कर्ज काढून गाडी घेतलेल्यांपैकी अनेकांवर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज उरलं.

म्हणून अशा काळात ठरवायचं असतं ते हे: टंचाईपोटी आपण जी जादा रक्कम मोजतोय ती किती आहे, आणि थांबायला त्यापेक्षा कमी खर्च येतो का?

आधी थांबण्याची किंमत काढा

हातातल्या गाडीचा गेल्या सहा महिन्यांचा दुरुस्तीखर्च लिहून काढा. पुढच्या सहा महिन्यांत नक्की येणारी कामं (टायर, ब्रेक पॅड, बॅटरी) त्यात मिळवा. गाडीच नसेल तर भाड्याच्या गाडीचा किंवा टॅक्सीचा महिन्याचा खर्च धरा. बेरजेला महिन्यांनी भागलं की थांबण्याचा मासिक खर्च हातात येतो.

टायर-ब्रेकपुरतं काम असेल तर जुनी गाडी आणखी वर्षभर ओढणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. गिअरबॉक्स घसरत असेल, चासी गंजली असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

याच बैठकीत गरजही नेमकी करा. वर्षाला किती किलोमीटर, किती माणसं, ट्रेलर ओढायचा आहे का, चिखलातून किंवा बर्फातून जावं लागतं का. फोर-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या व्यवस्थेची) गरज नसेल तर टू-व्हील ड्राइव्हची तीच गाडी चालते. तिची किंमत कमी, इंधन कमी लागतं आणि बिघडायला दोन-तीन मोठे भागही कमी.

मग किलोमीटरमागे हिशेब मांडा

नव्या गाडीची कर, नोंदणी आणि विमा धरून हातात पडणारी किंमत १०० धरा. नीट राखलेली एसयूव्ही २,००,००० किलोमीटर चालेल असं माना. म्हणजे दर हजार किलोमीटरला ०.५० खर्च.

आता तीन वर्षं जुनी, ५०,००० किलोमीटर झालेली गाडी घ्या. उरले १,५०,०००. एरवी ती ६० ते ६५ ला मिळत असेल तर हजार किलोमीटरला ०.४० ते ०.४३ पडतात, म्हणजे सरळ फायदा. टंचाईत तीच ८५ ला मिळत असेल तर ०.५७ पडतात. १५ कमी मोजूनही गाडी नव्यापेक्षा महागच पडली. बरोबरीचा आकडा ७५ आहे. त्यातून लगेच करावी लागणारी कामं आणि संपत आलेली वॉरंटी यांचे चार-पाच वजा केले, की ७० च्या वर जायचं नाही असा कडक आकडा हाती येतो.

तुमचं चालवणं वर्षाला ८,००० किलोमीटर असेल तर हा हिशेब वर्षांवर करा, कारण १५ वर्षांतही तुमचे १,२०,००० च होणार. नवी १५ वर्षं, जुनी १२ वर्षं धरली तर बरोबरीचा आकडा ८० येतो. कमी चालवणाऱ्याला वापरलेली गाडी थोडी जास्त परवडते ती यामुळे.

कर्ज घेणार असाल तर इथे थांबू नका. वापरलेल्या गाडीवर व्याजदर बहुधा जास्त असतो आणि मुदत कमी. समजा, नव्यासाठी ८० चं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १.६६ आणि एकूण व्याज सुमारे १९.६. जुन्यासाठी ७० चं कर्ज १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १.८८ आणि व्याज सुमारे २०.१. कर्ज दहाने कमी असून हप्ताही जास्त आणि व्याजही जास्त! तुमच्या बँकेचे खरे दर घालून हे गणित नक्की करा. कित्येकदा निर्णय इथेच पालटतो.

दोन गोष्टी या हिशेबाला वळण देतात. एक म्हणजे तुमची स्वतःची जुनी गाडी. तीही याच चढ्या बाजारात विकली जाणार आहे, त्यामुळे दोन किमतींमधला फरक बघा. तिचे तीन ठिकाणचे भाव लेखी घ्या आणि तो भाव किती दिवस टिकेल हेही लिहून घ्या, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी आकडा खाली येतो. दुसरी गोष्ट, गाडी किती वर्षं ठेवणार. आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याला टंचाईचा जादा भाव वर्षांवर वाटला जाऊन सुसह्य होतो. दोन-तीन वर्षांत विकणाऱ्याला तो सगळा अंगावर घ्यावा लागतो.

नवी बुक करताना

टंचाईत कंपन्या जास्त नफ्याची वरची मॉडेल आधी बनवतात, साध्या मॉडेलला जास्त थांबावं लागतं. रंग आणि व्हेरियंटबाबत लवचीक राहिलात तर नंबर लवकर लागू शकतो. रद्द झालेल्या बुकिंगच्या गाड्यांसाठी दोन-तीन शोरूममध्ये नाव देऊन ठेवा, फक्त आगाऊ रक्कम परत मिळणारी हवी.

तोंडी शब्दावर जाऊ नका. पावतीवर किंवा ईमेलवर एवढं लिहून घ्या: व्हेरियंट आणि रंग, डिलिव्हरीचा अंदाजे महिना, किंमत बुकिंगच्या दिवसाची लागू की डिलिव्हरीच्या, रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत, आणि गाडीत कोणती सोय नसेल. चिपच्या टंचाईत गरम होणारी सीट, पार्किंग सेन्सर, दुसरी स्मार्ट चावी अशा गोष्टी वगळून गाड्या दिल्या गेल्या होत्या. ती सोय नंतर बसवून मिळणार का, कोणाच्या खर्चाने, याचं उत्तर पैसे भरण्याआधी हवं. नको असलेल्या ॲक्सेसरी गळ्यात मारल्या जात असतील तर ती रक्कम गाडीच्या किमतीतच धरा आणि वरचं गणित पुन्हा करा.

नवी म्हणजे ताजीच असं नाही. एखाद्या भागासाठी अडलेली गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर उभी असू शकते. ताब्यात घेताना उत्पादनाचा महिना, टायरवरची तारीख आणि बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं माप १२.६ च्या आसपास हवं, १२.४ च्या खाली असेल तर बॅटरी बदलून किंवा चार्ज करून पुन्हा तपासून मागा. ब्रेक डिस्कवरचा हलका गंज पहिल्या काही ब्रेकांत जातो, पण खड्डे पडले असतील तर डिस्क बदलायला लावा.

वापरलेली तपासताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टंचाईत खराब गाड्याही रंगवून बाजारात येतात, कारण त्या खपतात.

*कागद आधी.* १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर कागदावर, काचेखाली किंवा दाराच्या खांबावर आणि चासीवर एकच आहे ना ते पाहा. कर्जाचा बोजा उतरलेला हवा. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर तारखेनुसार चढत गेलेले हवेत. मधेच कमी झाले असतील तर मीटर बहुधा मागे फिरवलेलं आहे. चासी नंबर देऊन कंपनीची रिकॉल दुरुस्ती (दोष निघाल्याने कंपनीने परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी आहे का ते विचारा.

*पुराची गाडी.* सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी अडेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा एरवी कधी बाहेर येत नाही आणि धुणाराही तिथवर पोचत नाही. तिथे तपकिरी आडवी रेघ, बोटाला लागणारी बारीक माती किंवा कुबट वास आला की गाडी सोडून द्या. मग सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा. हिरवट पडलेलं तांबं म्हणजे पुढे वर्षभर डॅशबोर्डवर कुठला ना कुठला इशाऱ्याचा दिवा पेटत राहणार.

*पत्रा.* रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र वापरा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एकाच पॅनेलवर ३०० च्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी आहे. दार रंगवलेलं असणं गंभीर नाही. छताचे खांब आणि बोनेटच्या आतल्या चासीच्या पट्ट्या मात्र अस्सल हव्यात.

*टायर.* बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये (चारही चाकांना आपोआप ताकद मिळते अशा गाडीत) चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. झिजेत दोन मिलिमीटरच्या आसपास फरक असला की चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधला क्लच किंवा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) सतत घसटत राहतं. टायर बदलून ती झीज भरून येत नाही.

*खालून.* गाडी लिफ्टवर घ्यायलाच लावा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलभोवती ओलं ऑइल, ॲक्सलचे फाटलेले रबरी बूट, खालच्या पत्र्यावर दगडांचे घाव बघा. चासीवर गंज दिसला तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पापुद्रा निघाला तर गंज वरवरचा, टोक आत गेलं तर गाडी नको. ट्रेलरचा हुक झिजलेला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल तपासून घ्या. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे गाडीने बहुधा ओझं ओढलेलं आहे.

*चालवून.* इंजिन थंड हवं. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सुरू करताना होणारा आवाज किंवा धूर लपवण्यासाठी इंजिन आधीच चालवून ठेवलेलं असू शकतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी या. निळा धूर ऑइलचा, न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा. स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा: टक-टक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. इथे एक चूक फार होते. हाताने टाकायचा फोर-व्हील मोड कोरड्या डांबरी रस्त्यावर तपासू नका. तिथे वळणावर गाडी अडखळणारच, कारण पुढची आणि मागची चाकं एकाच गतीला जखडलेली असतात. चांगलीही गाडी खराब वाटेल आणि ट्रान्सफर केसवर ताण येईल. तो मोड मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावरच तपासा. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) टाकताना गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये घ्या, दिवा लुकलुकून स्थिर व्हायला हवा.

*स्कॅनर.* स्टेअरिंगखालच्या प्लगला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावा. फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का हे दाखवणारी यादी, बघा. बरेचसे अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. काही दिवस चालवून पुन्हा तपासायला द्या म्हणावं. मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. डिझेल गाडी नुसती शहरात थोड्या थोड्या अंतरावर फिरली असेल तर धुराचा फिल्टर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी, त्याची काजळीची पातळी याच स्कॅनरवर अनेकदा दिसते. हायब्रिड असेल तर मोठ्या बॅटरीचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून घ्या.

विक्रेता म्हणेल, आणखी दोघं संध्याकाळी यायचेत. खरंही असेल. तरी इसार थोडाच द्या आणि पावतीवर ‘तपासणीत मोठा दोष निघाल्यास परत’ एवढं लिहून घ्या.

निर्णय

वापरलेली गाडी तुमच्या बरोबरीच्या आकड्याखाली मिळत असेल, तपासणीत निर्दोष असेल आणि थांबणं परवडत नसेल, तर घ्या. ती नव्याच्या ८५ टक्क्यांवर जात असेल आणि नवी सहा-आठ महिन्यांत छापील किमतीला मिळत असेल, तर नवी बुक करून थांबा. दोन्ही महाग असतील तर तिसरी वाट आहे. पाच ते सात वर्षं जुनी, साध्या इंजिनाची, शक्यतो रोख पैशांत येणारी गाडी घेऊन टंचाई काढायची. टक्केवारीत तिचाही भाव चढलेला असेल, पण मुळात किंमतच लहान असल्याने बाजार उतरल्यावर बुडणारी रक्कमही लहान राहते.

वापरलेली घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि सगळे फिल्टर बदला. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल तर तोही बदला, कारण अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. दुसरी चावी मिळाली नसेल तर ती बनवून घ्या आणि पहिल्या मालकाकडे राहिलेल्या चावीचा कोड गाडीतून पुसायला सांगा.