तो मेसेज दुसऱ्याच कुणी वाचला तर?

लैंगिक आरोग्याच्या कामात समुपदेशक किंवा आउटरीच कार्यकर्ता (लोकांपर्यंत आपण होऊन पोहोचणारा) म्हणून नव्यानं येणाऱ्यांचा बराच वेळ आता डेटिंग ॲप, चॅट आणि मेसेंजरवर जातो. लोकांना जोडीदार तिथे भेटतात, म्हणून आपल्यालाही तिथे पोहोचावं लागतं. हे काम करताना आणि पुढे ते शिकवताना माझी एक खात्री पक्की झाली आहे. ज्याच्यासाठी मेसेज लिहिला, तो त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी वाचला तर काय होईल, हा विचार केल्याशिवाय ‘पाठवा’ हे बटण दाबू नये. फोन घरात पडलेला असतो, नोटिफिकेशन बंद स्क्रीनवरही दिसतं, एखाद्या जोडप्याचं खातंच सामायिक असतं.

ऑनलाइन भेटलेल्या जोडीदाराला संसर्गाबद्दल कळवण्याची अडचण जुनी आहे. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराचे काही रुग्ण आढळले आणि त्यांचे जोडीदार एकाच चॅटरूममधून भेटलेले निघाले. तोवर तपासणीसाठी रुग्णाचा जोडीदार शोधायचा म्हणजे रुग्णाला त्याचं नाव, पत्ता, फोन विचारायचा. इथे हाती होती फक्त टोपणनावं, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना त्या टोपणनावांवरच ई-मेल पाठवावे लागले. त्याच शहरात २००४ मध्ये ‘इनस्पॉट’ ही सेवा सुरू झाली. तिच्यावरून स्वतःचं नाव न देताही जोडीदाराला ‘तपासणी करून घे’ असं ई-कार्ड पाठवता येई. पुढे मेलबर्नच्या लैंगिक आरोग्य केंद्रानं ‘लेट देम नो’ ही एसएमएस आणि ई-मेलची सोय उभी केली. साधनं बदलली, पण टोपणनावापासून माणसापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न तुमच्या टेबलावर रोज येणार आहे.

आधी जनजागृतीबद्दल थोडक्यात सांगते. प्रोफाइल संस्थेच्या नावाचं ठेवा. त्यावर तुमचं काम स्पष्ट लिहा आणि ॲप चालवणाऱ्यांची परवानगी घ्या. स्वतःच्या खासगी खात्यावरून एकही मेसेज जाऊ देऊ नका. खोटा फोटो लावून संवाद सुरू करणं तर सरळ फसवणूक आहे. आपण होऊन कुणाच्या इनबॉक्समध्ये शिरू नका. तुमचं प्रोफाइल दिसलं की लोक विचारतातच, आणि बहुतेक वेळा रात्री, घाबरून विचारतात. ‘काल कंडोम फाटला, आता काय?’ अशा प्रश्नाला उद्या उत्तर देऊन चालत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठीची पेप औषधं संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं चांगलं. त्यामुळे तुम्ही ऑनलाइन नसाल तेव्हा कुठे जायचं, हे प्रोफाइलवर ठळक लिहिलेलं हवं. कुणी शरीराचा फोटो पाठवून निदान विचारलं तर ते करू नका, तपासणीला बोलवा. समोरची व्यक्ती अल्पवयीन वाटली तर लगेच वरिष्ठांना सांगा. तिथे एकट्यानं निर्णय घ्यायचा नसतो.

आता जोडीदाराला कळवण्याकडे येऊ. या कामाचा खरा कस लागतो तो मेसेज लिहिण्याच्या आधी, निदान झालेल्या व्यक्तीशी बोलताना. नुकताच रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाला लगेच नावं विचारू नका. त्याला आधी स्वतःच्या उपचारांची खात्री वाटू द्या. मग पर्याय मांडा: तो स्वतः सांगेल, तुमच्यासमोर बसून सांगेल, किंवा त्याचं नाव न घेता तुम्ही कळवाल. प्रत्येक जोडीदारासाठी वेगळा पर्याय निवडायची मुभा त्याला आहे, आणि ‘नको’ म्हणायचीही. किती मागे जाऊन विचारायचं, हे आजारावर ठरतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गोनोरिया आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांसाठी मागचे ६० दिवस पाहतात. सिफिलिस पहिल्या टप्प्यात असेल तर लक्षणांचा काळ अधिक त्याआधीचे ३ महिने आणि दुसऱ्या टप्प्यात लक्षणांचा काळ अधिक त्याआधीचे ६ महिने पाहतात. तारखा कुणाला आठवत नाहीत, चॅट आठवतात. त्याला त्याच्याच फोनवर जुने संवाद चाळू द्या. फोन स्वतःच्या हातात घेऊ नका आणि स्क्रीनशॉटही काढू नका.

टोपणनाव उतरवून घेताना अक्षर, आकडा, अधोरेषा, सगळं पडताळा. कुठल्या ॲपवरचं ते लिहा, कारण तेच नाव दुसऱ्या ॲपवर भलत्याच माणसाचं असू शकतं. अंदाजे वय आणि अंगकाठी विचारून ठेवा, पुढे ओळख पटवायला उपयोग होतो. आणखी दोन प्रश्न कधीही गाळू नका. ‘या व्यक्तीला कळलं तर तुम्हाला मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती आहे का?’ उत्तर हो असेल तर थांबा. सुरक्षिततेची योजना आधी, कळवणं नंतर. दुसरा प्रश्न: ‘त्या काळात त्या व्यक्तीचा तुमच्याशिवाय आणखी कुणाशी संबंध असेल असं वाटतं का?’ समोरच्याचा जोडीदार एकच असेल तर आपण नाव घेतलं नाही तरी तो क्षणात ओळखेल. निनावीपणाची हमी अशा वेळी देता येत नाही, आणि हे निर्णय होण्याआधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. काही जण हे ऐकून स्वतःच सांगायचं ठरवतात. मग कोणत्या शब्दांत सांगायचं याचा सराव त्यांच्याबरोबर करा. त्यासाठी दिलेला वेळ वाया जात नाही.

मेसेज मी साधारण असा लिहिते: ‘नमस्कार. मी आरोग्य केंद्रातून लिहीत आहे. तुमच्या आरोग्यासंबंधी लवकर बोलायचं आहे. कृपया केंद्राच्या अधिकृत वेबसाइटवर दिलेल्या क्रमांकावर फोन करून माझं नाव सांगा.’ एवढंच. आजाराचं नाव नाही, ‘लैंगिक’ हा शब्द नाही, ‘तुमचा जोडीदार’ हा उल्लेख नाही. लिंकही नाही, कारण अनोळखी लिंक म्हणजे फसवणूक असं लोकांच्या मनात बसलं आहे, आणि ते योग्यच आहे. क्रमांक त्यांनी स्वतः शोधून पडताळावा, म्हणजे विश्वास बसतो. भीती घालणारं वाक्य लिहिलं की उत्तर लवकर येईल असं वाटतं. माझ्या अनुभवात अशा मेसेजनंतर माणूस ब्लॉक करून मोकळा होतो.

ब्लॉक झालात तर दुसऱ्या खात्यावरून पाठलाग करू नका. किती वेळा प्रयत्न करायचा, हे संस्थेच्या नियमात ठरलेलं असावं. केलेला प्रत्येक प्रयत्न संस्थेच्या नोंदीत लिहा, स्वतःच्या फोनमध्ये काहीही ठेवू नका.

फोन आला की आधी ओळख पटवा. तोवर कारण सांगू नका, समोरचा कितीही चिडला तरी. ‘त्यांचा फोन आहे, मला सांगा’ असं घरातलं कुणी म्हणालं तरी उत्तर एकच: ‘त्यांच्याशीच बोलायचं आहे.’ ओळख पटल्यावर मात्र आडवळणानं बोलू नका: ‘तुमचा सिफिलिस झालेल्या व्यक्तीशी संपर्क आला असण्याची शक्यता आहे. यावर पूर्ण बरा करणारा उपचार आहे.’ हे ऐकल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘कुणी सांगितलं?’ त्या व्यक्तीचं लिंग, शहर, भेटीची तारीख, यातलं काहीही ओठांवर येऊ देऊ नका. ‘ते सांगता येत नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर त्यालाही मी हेच सांगेन,’ एवढं म्हणा आणि लगेच तपासणीची वेळ ठरवा. संपर्क ९० दिवसांच्या आतला असेल तर तपासणी निगेटिव्ह आली तरी सिफिलिसचा उपचार देण्याची पद्धत आहे, कारण संसर्ग रक्तात दिसायला वेळ लागतो. हे फोनवरच समजावून सांगा, नाहीतर निगेटिव्ह रिपोर्ट पाहून माणूस औषध न घेता घरी जातो.