किचन नवं करताय? आधी सिंकचं पाणी कुठून जाणार ते बघा

किचन रिनोव्हेट करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा ट्रॉल्यांच्या रंगाची आणि ग्रॅनाईटची होते आणि प्लंबर येतो तो फोडाफोडी सुरू झाल्यावर. पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये किचनचा नकाशा ठरतो तो सिंकचं सांडपाणी कुठून बाहेर पडतं त्यावरून. नळ हलवता येतो, प्युरिफायर हलवता येतो, शेगडीसुद्धा हलते (पाईपचा गॅस असेल तर ते काम महानगर गॅसच्या माणसाकडूनच करून घ्या, प्लंबरला हात लावू देऊ नका). डक्टमधला (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला) उभा पाईप मात्र अख्ख्या बिल्डिंगचा, तो आहे तिथेच राहणार, आणि पाणी उताराशिवाय वाहत नाही.

म्हणून डिझाईनवाल्याला भेटायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा. सांडपाण्याच्या पाईपला दर मीटरला साधारण अडीच सेंटीमीटर उतार लागतो. म्हणजे सिंक आत्ताच्या जागेवरून तीन मीटर लांब नेलात तर साडेसात सेंटीमीटर, जवळपास तीन इंच, तिथेच गेले. आता ओट्यापासून खाली या. ओटा ३४ इंच, सिंक ९ इंच खोल, त्याखाली वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारी जाळी) आणि ट्रॅप (वास अडवायला पाणी साचून राहतं तो वाकडा तुकडा) मिळून अजून ८-९ इंच, म्हणजे ट्रॅपमधून पाणी निघतं ते जमिनीपासून १६ इंचांच्या आसपास. त्यातून उताराचे ३ इंच वजा केले की भिंतीतलं भोक १३ इंचांवर किंवा त्याच्याही खाली असायला हवं. तुमचं भोक वर असेल तर सिंक तेवढा लांब जाणार नाही, कोणी कितीही सांगितलं की होऊन जाईल साहेब. खोल सिंक घ्यायचा असेल तर हा हिशोब अजून घट्ट होतो, त्यामुळे सिंक आधी पसंत करा आणि त्याची मापं प्लंबर आणि कडाप्पा-ग्रॅनाईटवाला दोघांच्याही हातात द्या.

पाईप लादीखालून नेऊ असं कोणी म्हणालं तर थांबा. बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा खाली घेतलेला असतो म्हणून तिथे ते जमतं, किचनचा स्लॅब सहसा सपाट असतो, मग एकतर अख्खी लादी उचलावी लागते नाहीतर स्लॅब खोदतात, आणि स्लॅब, बीम, कॉलम यांना छिन्नी लावू द्यायचीच नाही. झिऱ्या, म्हणजे पाईप बसवायच्या खाचा, मारायच्या त्या फक्त विटांच्या भिंतीत. सांडपाण्याचा पाईप ट्रॉल्यांच्या मागून भिंतीलगत न्यायचा, त्यासाठी खालच्या ट्रॉल्यांची खोली थोडी कमी होते, हे कारपेंटरला आधी सांगितलं नाही तर तो शेवटी पाईपच कापायला निघतो.

अजून एक प्रश्न रिनोव्हेशनमध्ये हमखास विसरला जातो. जुन्या घरात किचनमध्ये मोरी असते, ती काढून जागा वाढवतात, छान दिसतं, पण लादी धुतल्यावर पाणी कुठे जाणार? मोठी परात, कुकर, सणावाराची भांडी कुठे घासणार? घरकामाला येणाऱ्या ताई उभ्याने घासणार असतील तर सिंक मोठा एकच बोल असलेला बरा, छोट्या दोन बोलमध्ये कढई मावत नाही आणि सगळं पाणी ओट्यावर येतं. मोरी काढलीत तरी शक्य असेल तर लादीतला नहाणी ट्रॅप ठेवा, जाळी लावून, आणि महिन्यातून एकदा तरी त्यात पाणी ओता, कारण ट्रॅपमधलं पाणी सुकलं की वास आणि झुरळं थेट घरात.

सिंकखाली ती लवचिक पांढरी नळी भोकात खुपसून मोकळं होतात, हे करू देऊ नका. तिच्या वळ्यांमध्ये तेलकट गाळ बसतो, भोकाच्या कडेने झुरळं येतात, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. नीट पीव्हीसीचा दीड किंवा दोन इंची पाईप, पी ट्रॅप किंवा बॉटल ट्रॅप, भिंतीशी रबर रिंग लावून घट्ट बंद. ट्रॅप हाताने उघडता येईल असा असावा आणि त्याच्यापुढे ड्रॉवर नको, तिथे दरवाजाचं कपाट ठेवा.

आता येणाऱ्या पाण्याचं. मुंबईत एका किचनमध्ये दोन-तीन प्रकारचं पाणी असू शकतं, बहुतेक ठिकाणी म्युनिसिपालटीचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून घरात उतरतं, पण जुन्या बिल्डिंगमध्ये किचनच्या एका नळाला थेट म्युनिसिपालटीची लाईन असते, ठरलेल्या वेळेला येते आणि जाते, वर लॉफ्टवर घरची टाकी असते ती वेगळीच. नव्या टॉवरमध्ये फ्लशची लाईन वेगळी असते, तिच्यात बोअरवेलचं किंवा प्रक्रिया केलेलं पाणी असू शकतं. काम सुरू करण्याआधी कोणता पाईप कशाचा हे व्हॉल्व्ह बंद-चालू करून बघा आणि भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. थेट लाईन आणि टाकीची लाईन एकमेकांना जोडू नका. लाईनला प्रेशर नसतं तेव्हा टाकीतलं पाणी उलटं मेन लाईनमध्ये खेचलं जाऊ शकतं आणि मग ते कोणाच्या पिण्यात जाईल सांगता येत नाही. दोन्ही पाणी हवं असेल तर दोन वेगळे नळ. आणि थेट लाईनला पंप बसवणं नियमात बसत नाही, शेजाऱ्याच्या वाटचं पाणीही त्याने खेचलं जातं.

प्रेशरचा हिशोब सोपा आहे, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंत १० मीटर उंची असली की साधारण एक किलो (डब्यावर लिहितात तो एक बार) प्रेशर मिळतं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहत असाल तर ते ०.३-०.४ किलो भरेल, तिथे डिशवॉशर किंवा गरम-गारचा भारी मिक्सर नळ घेण्याआधी डब्यावर किमान किती प्रेशर लिहिलंय ते वाचा. आतले पाईप बदलताना मेन पाऊण इंचीच ठेवा आणि अर्धा इंची फक्त नळाजवळ करा, उगाच एल्बो वाढवू नका.

जुने जीआय (लोखंडी) पाईप आतून गंजून बारीक झालेले असतात, त्यामुळे भिंत फोडलीच आहे तर सगळे काढा. आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाईप वापरतात, गरम आणि गार दोन्हीला चालतो. बाहेरच्या जीआयला जोडताना पितळेच्या आट्यांचं फिटिंगच घ्या, लोखंडावर प्लास्टिकचे आटे आवळले की आज ना उद्या तडकतात. गिझरच्या तोंडाला सीपीव्हीसी थेट नको, मध्ये स्टीलची कनेक्शन पाईप येऊ द्या. आणि जॉईंट मारताना शेजारी उभे राहून बघा. पाईप सरळ कापला का, कडेची कुसं खरवडली का, सोल्युशन पाईपला बाहेरून आणि फिटिंगला आतून दोन्हीकडे लावलं का, आत ढकलताना पाव फेरा फिरवून थोडा वेळ दाबून धरला का. कामाच्या घाईत हे दाबून धरणंच राहतं आणि पाईप हळूच मागे सरकतो. सोल्युशनचा डबा पण बघा, पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही.

पॉईंट किती हवेत ते आत्ताच ठरवा. सिंकखाली गरम-गार दोन अँगल कॉक (भिंतीतून निघणारे छोटे व्हॉल्व्ह), जमिनीपासून १८ ते २० इंचांवर. प्युरिफायरला एक. डिशवॉशर आज घ्यायचा नसला तरी त्याचा पॉईंट आणि वेस्टचं तोंड काढून एंड कॅप लावून ठेवा, सिंकच्या अगदी बाजूला, कारण सोबत येणाऱ्या नळ्या जेमतेम दीड मीटरच्या असतात, आणि त्याची ड्रेनची नळी आधी वर ओट्याच्या दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत चढवून मग खाली आणायची म्हणजे सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये परत जात नाही. प्लगचा सॉकेट सिंकच्या खाली कधीच नाही, बाजूच्या खणात. प्युरिफायर घेताना आरओच हवा असं धरून चालू नका, मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, त्यात क्षार कमीच असतात, नुसतं म्युनिसिपालटीचं पाणी असेल तर यूव्ही पुरतो, टँकर-बोअरवेल मिसळत असेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून ठरवा. किचनला स्वतःचा वेगळा बॉल व्हॉल्व्ह घ्याच, हात पोचेल अशा जागी. नाहीतर साधा वॉशर बदलायला गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि जुन्या बिल्डिंगमध्ये त्याने तुमच्या लाईनवरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी जातं. जोडकामाच्या दिवशी तर ते करावंच लागेल, तेव्हा आदल्या दिवशी वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगा आणि दुपारची वेळ घ्या, सकाळची नको.

सोसायटीला पत्र, डिपॉझिट, डेब्रिजची सोय हे सगळं आहेच. त्याच्यासोबत खालच्या घरी जाऊन त्यांच्या किचनच्या सिलिंगचे फोटो त्यांच्यासमोर काढा, काकूंना सांगून, तारखेसकट, म्हणजे आधीचा डाग कोणता आणि नवा कोणता यावर वाद होत नाही. सिंक किंवा आतल्या फिटिंगमुळे गळती झाली तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दुरुस्तीचा खर्च सभासदाचाच असतो.

टाईल लावायच्या आधी टेस्ट. सगळी तोंडं एंड कॅपने बंद करून हॅन्डपंपाने ५-६ किलो प्रेशर भरायचं, जॉईंट मारून २४ तास झाल्यावरच, आणि काटा रात्रभर आहे तिथेच राहिला पाहिजे. सांडपाण्याच्या पाईपचं खालचं तोंड बंद करून त्यात पाणी भरून ठेवायचं. मग टेप भिंतीला धरून प्रत्येक पाईपचा फोटो, कोपऱ्यापासून किती इंच आणि जमिनीपासून किती इंच ते दिसेल असा, हे फोटो पुढे चिमणीसाठी नाहीतर शेल्फसाठी ड्रिल मारताना लागतात. प्लंबर म्हणेल कशाला वेळ घालवताय, पण शेवटचे पैसे या टेस्टनंतरच द्यायचं आधीच बोलून घेतलं असेल तर तो करतो.

ओटा, सिंक, नळ बसल्यावर कारपेंटरला मागची प्लाय लगेच ठोकू देऊ नका. सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, दोन-तीनदा, एकदा गरम पाण्याने, आणि प्रत्येक जॉईंटखालून कोरडा टिश्यू फिरवा. थेंबभर ओल असली तरी टिश्यूवर दिसते, डोळ्यांना दिसत नाही. टिश्यू कोरडा निघाला की मग प्लाय.