बालसभेतून समतेचे काम : प्राथमिक शाळांनी या चुका टाळाव्यात

महाराष्ट्रातील शाळांमध्ये 26 जानेवारी 2020 पासून संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू झाले आणि ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द तिसरी-चौथीच्या मुलांनाही पाठ होऊ लागले. बालसभा, विद्यार्थी मंत्रिमंडळ, मीना-राजू मंच (मुलगा-मुलगी समानतेसाठीचा शाळेतील मुलांचा गट) अशी मुलांनी चालवायची व्यासपीठेही अनेक शाळांत आहेत. तरीही समतेचे काम बहुतेक ठिकाणी भाषण, घोषवाक्य आणि प्रभातफेरी यांपुढे सरकत नाही. याचे कारण मुलांची अनास्था हे नाही. कोणी कोठे बसावे, कोणते काम कोणी करावे, खेळात कोणाला घ्यावे, या रोजच्या गोष्टी बदलण्याची मुभाच मुलांना मिळत नाही, हे खरे कारण आहे.

चुकीची सुरुवात मंत्रिमंडळाच्या निवडीपासून होते. शिक्षकांनी धीट आणि हुशार मुले निवडली काय किंवा हात वर करून मतदान घेतले काय, निवडून येतात ती बहुधा तीच मुले, कारण उघड मतदानात मूल आपल्या वस्तीतील किंवा वर्गात वजन असलेल्या मुलाकडे पाहून हात वर करते. यावर उपाय म्हणजे सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून, त्यांतून उचलून निवड करावी, मुदत एक महिन्याची ठेवावी आणि प्रत्येक जबाबदारी दोघांना मिळून द्यावी. सूत्रसंचालन, घंटा, बाग, ग्रंथपेटी, खेळाचे साहित्य अशी कामे वेगवेगळ्या स्वभावाच्या मुलांना जमतात, त्यामुळे अबोल मुलालाही त्यात जागा मिळते. मुलींकडे रांगोळी व झाडलोट आणि मुलांकडे बाके उचलणे व घंटा वाजवणे ही विभागणी मात्र हजेरीच्या क्रमाने पाळी लावून पहिल्याच दिवशी मोडावी.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबत होणारी चूक याहून गंभीर आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. मंत्रिमंडळ जून-जुलैत ठरते, तर ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्या वेळी बीडसारख्या जिल्ह्यांतून आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात आलेले मूल शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल होता यावे म्हणून मूळ शाळेने दिलेले पत्रक) दाखवून तेथील शाळेत दाखल झाले, तरी गट, जोड्या आणि जबाबदाऱ्या आधीच वाटून झालेल्या असतात. पाहुण्यासारखे मागच्या रांगेत बसून ते मूल हंगाम काढते आणि उन्हाळ्यात गावी परतल्यावर स्वतःच्या शाळेतही त्याला तोच अनुभव येतो. म्हणून नव्या किंवा परतलेल्या मुलाबरोबर पहिले काही दिवस राहणारा एक सोबती बालसभेने ठरवावा. पाणी, स्वच्छतागृह, पुस्तके आणि खेळाचा गट दाखवणे हे त्याचे काम असावे. पुढच्याच पाळीत त्या मुलाला स्वतःची जबाबदारी मिळावी, कारण केवळ स्वागत केल्याने शाळा आपली वाटू लागत नाही.

अपंग मुलाला कायमचा मदतनीस नेमून देणे ही हेतू चांगला असलेली, म्हणून सुधारण्यास कठीण अशी चूक आहे. एकच मित्र वर्षभर दप्तर उचलतो, त्याच्या वतीने उत्तरे देतो, आणि खेळाच्या तासाला मात्र ते मूल गुण मोजत कडेला बसते. मुलांना प्रथम ‘मदत हवी का, कशी हवी?’ असे विचारायला शिकवावे आणि नकार आला तर तो मान्य करायलाही शिकवावे. त्यानंतर खेळाचा नियम बदलण्याचे काम संपूर्ण वर्गाकडे द्यावे. आत घुंगरू असलेला चेंडू घेतला, लगोरीत फेकण्याचे अंतर कमी केले किंवा धावण्यासाठी जोडीदार दिला, तर तेच मूल खेळाडू म्हणून मैदानात उतरते. असे नियम मुले मोठ्यांपेक्षा लवकर शोधून काढतात.

पोषण आहाराच्या पंगतीत मुले वस्तीप्रमाणे बसत असतील, तर चिठ्ठ्यांनी जागा बदलाव्यात आणि वाढण्याची पाळी सर्वांना द्यावी. मात्र एखाद्या मुलाच्या हातचे अन्न कोणी नाकारले, तर तो प्रश्न बालसभेत चर्चेला ठेवू नये. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. त्यामुळे त्याच दिवशी पालकांशी बोलणे ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे आणि ती मुलांच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे शिष्यवृत्तीची यादी वर्गात जातीसह मोठ्याने वाचली गेली, तर मुलांनी महिनाभर केलेले काम एका तासात पुसले जाते. अशा कागदांसाठी पालकांना स्वतंत्रपणे बोलवावे.

तक्रारींबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली-दुसरीच्या मुलांना नीट लिहिता येत नाही, म्हणून तक्रारपेटीत चित्र टाकण्याची आणि विश्वासातील शिक्षकांना एकांतात सांगण्याचीही सोय हवी. दुसरे म्हणजे, चिडवणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिण्याचा किंवा त्याला उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला देऊ नये. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे आणि शिक्षकांना जे करता येत नाही ते मुलांकरवी करून घेणेही योग्य नाही. त्याऐवजी शिक्षकांनी दोघांशी आधी वेगवेगळे बोलावे, ज्याला त्रास झाला त्याला काय हवे आहे हे विचारावे, आणि आठवड्यानंतर पुन्हा त्याच्याकडेच चौकशी करावी.