पीएचपीत ॲरेच्या पोटातला ॲरे बदलायचा तं हे वाचा

कापसाची नोंद ठेवणारं छोटं पान पीएचपीत (वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा) बनवायला घेतलं की डेटा एका ओळीत बसतच नाही. गाव आलं, गावाच्या आत गट नंबर, गटाच्या आत पीक, अन् कापूस असला तं त्याच्या आत पुन्हा वेचे, कारण कापूस काही सोयाबीनसारखा एकाच खेपेत घरी येत नाही. म्हणजे ॲरेच्या (एकाच नावाखाली ठेवलेली नोंदींची यादी) आत ॲरे, चार थर. हे बनवणं सोपं आहे, आपले पोट्टे अडकतात ते नंतर आतला एखादा आकडा बदलताना, म्हणून तेवढ्यावरच लिहितो. व्हेरिएबलची नावं मी मराठीत ठेवली, पीएचपीला चालतात, फाइल फक्त यूटीएफ-8 मध्ये सेव्ह पायजे. फंक्शन अन् कीवर्ड इथं उच्चाराप्रमाणे लिहिले, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच टाका.

$नोंद = [
  'वाढोणा' => [
    12 => ['कापूस' => [6, 8, 3], 'तूर' => 4],
    15 => ['सोयाबीन' => 9],
  ],
];

आता 12 नंबरच्या गटाचा दुसरा वेचा 8 नाही, 9 क्विंटल होता. बाहेरून आत जात पूर्ण पत्ता लिहायचा:

$नोंद['वाढोणा'][12]['कापूस'][1] = 9;

मोजणी 0 पासून, म्हणून दुसरा वेचा 1 वर. चौथा वेचा आला तं शेवटचा कंस रिकामा सोडा, आकडा आपोआप मागं लागते:

$नोंद['वाढोणा'][12]['कापूस'][] = 2;

15 नंबरमध्ये कापूस नव्हताच, तरी तिथंही अशीच ओळ लिहिली तं मधला थर पीएचपी स्वतः तयार करून घेते. ही सोय लय कामाची आहे अन् घोटाळाही हिच्यातूनच होते. आपल्याकडं बोलण्यात ण चा न होते, टाइप करताना कोणी 'वाढोना' लिहिलं तं एरर येत नाही, गुपचूप नवीन गाव तयार होते अन् त्या शेतकऱ्याचा कापूस तिकडं जमा. वाचताना चुकीची 'की' (कंसातली ओळख, जसं 'वाढोणा' किंवा 12) दिली तं पीएचपी 8 वॉर्निंग देते (त्याआधी नुसती नोटीस यायची), लिहिताना मात्र काहीच नाही. त्यात 'वऱ्हाड' मधला ऱ् वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळा टाइप होते, दिसायला सारखा पण आत बाइट (कॉम्प्युटर अक्षर ज्या आकड्यांत साठवते ते) वेगळे, अन् पीएचपी 'की' जुळवते ते बाइटवरून. म्हणून माझं सरळ मत आहे, गावाचं नाव की म्हणून वापरू नका, जनगणनेचा गाव-कोड वापरा अन् नाव आत वेगळं ठेवा. इथं वाचायला सोपं जावं म्हणून नाव ठेवलं एवढंच.

गट नंबरचंही असंच. 12 अन् '12' पीएचपीसाठी एकच की आहे, पण '012' वेगळी अन् मराठी कीबोर्डवरून आलेली '१२' तर अजूनच वेगळी. फॉर्ममधून आलेला नंबर आधी इंटमध्ये (पूर्णांकात) करून घ्या, अन् देवनागरी आकडे असतील तं त्याच्याही आधी बदलून घ्या, कारण '१२' चा थेट इंट केला तं 0 मिळते.

आधीच्या आकड्यात भर घालायची असली, म्हणजे तूर अजून 3 क्विंटल आली, पण आधी नोंद होती का नव्हती माहीत नाही, तं पीएचपी 7 पासून हे चालते (?? 0 म्हणजे आधी काही नसलं तं 0 धर):

$नोंद['वाढोणा'][15]['तूर'] = ($नोंद['वाढोणा'][15]['तूर'] ?? 0) + 3;

आता लूप, म्हणजे यादीतल्या एकेक नोंदीवर तेच काम फिरवणं. सगळ्यात जास्त वेळ इथं जाते, म्हणून नीट बघा.

फॉरईच ($नोंद ॲज $गाव => $गटयादी) {
  फॉरईच ($गटयादी ॲज $गट => $पिकं) {
    $पिकं['तपासलं'] = 1;
  }
}

हे चालवलं तं एरर नाही, पण $नोंद जशीच्या तशी. काऊन? कारण $पिकं ही नक्कल आहे. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनानं दुरुस्ती केली तं तलाठ्याकडचा सातबारा बदलत नाही, तसंच हे. आतली ओळ अशी लिहा, काम होते:

$नोंद[$गाव][$गट]['तपासलं'] = 1;

दुसरा रस्ता & चा, म्हणजे &$गटयादी अन् &$पिकं, यानं नक्कल न मिळता मूळ घरच हातात येते. पण दोन्ही थरांवर लावा, नुसतं आतल्या लूपवर लावलं तं बाहेरची $गटयादी नक्कलच राहते अन् बदल पुन्हा वाया. अन् लूप संपला की दोन्ही व्हेरिएबल अनसेट (पुसून मोकळे) कराच, कारण ते शेवटच्या घराला चिकटून राहतात. [1, 2, 3] वर & वाला लूप फिरवला, अनसेट केलं नाही अन् पुढं त्याच नावानं साधा लूप फिरवला तं यादी [1, 2, 2] होते, कारण दुसरा लूप प्रत्येक आकडा त्या शेवटच्या घरातच टाकत जाते. म्हणून मी पूर्ण पत्त्याचीच पद्धत सांगतो, दोन अक्षरं जास्त लिहावी लागतात पण बदल कुठं होते ते डोळ्यांना दिसते. फंक्शनला ॲरे दिला तरी नक्कलच जाते, बदललेला ॲरे रिटर्न करा अन् परत $नोंद मध्ये घ्या.

दोन नोंदी एकत्र करायला बरेच जण ॲरे_मर्ज_रिकर्सिव्ह लावतात. आपल्या कामात नका लावू. दुसऱ्या नोंदीतला 12 नंबरचा गट पहिल्याच्या 12 मध्ये मिसळत नाही, शेवटी 16 नंबर घेऊन बसते, म्हणजे नसलेला गट तयार! ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह नंबर जसेच्या तसे ठेवते अन् नवीन आकडा जुन्याच्या जागी टाकते, ते वापरा. फक्त वेच्यांच्या यादीत लक्ष ठेवा, नवीन यादी छोटी असली तं जुनीतले मागचे वेचे तसेच उरतात.

काढून टाकायचं असलं तं अनसेट ला तोच पूर्ण पत्ता द्या. पण मधला वेचा काढला की 0 अन् 2 राहतात, 1 ची जागा रिकामी, अन् मंग जेसन (दुसऱ्या प्रोग्रामला डेटा पाठवायचा मजकूर) बनवलं की यादीच्या ऐवजी ऑब्जेक्ट (नावं लावलेल्या जोड्या) जाते अन् मोबाइल ॲपवाला विचारत बसते की यादी कुठं गेली. म्हणून त्या यादीवर ॲरे_व्हॅल्यूज फिरवा, ते 0 पासून पुन्हा नंबर लावते. फक्त वेच्यांवर फिरवा, गटांच्या थरावर चुकूनही नको, तिथं 12 चा 0 झाला तं कापूस कोणाच्या वावरातला ते समजणारच नाही.