फोन सायलेंटवर टाकूनही लक्ष लागत नाही? या चुका टाळा

मागच्या मंगळवारी फोन हातात घेतला तो फक्त ओटीपी बघायला. लाइट बिल भरलं, आणि भानावर आले तेव्हा स्क्रीनवर कुणीतरी बाई मोदकाची उकड कशी काढायची ते सांगत होती आणि घड्याळात पावणेबारा. बसले होते अकराला. मी ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळला राहते, तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस ऐरोलीला ऑफिस, त्यामुळे या सगळ्या चुका स्वतः करून झाल्यात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोन सायलेंट करायचा, पालथा घालायचा आणि लॅपटॉपशेजारीच ठेवायचा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता, काहींचे फोन टेबलावर, काहींचे बॅगेत-खिशात, काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून सगळ्यांना डोकं लागणारी कामं दिली, तर दुसऱ्या खोलीतवाले सगळ्यात पुढे आणि टेबलवाले मागे, आणि फोन वाजतही नव्हते बरं का. नंतर तसाच प्रयोग करणाऱ्या काही संशोधकांना एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे ब्रह्मवाक्य समजू नका, पण माझ्यापुरतं ते शंभर टक्के खरंय. माझा फोन आता देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये असतो, तिथपर्यंत पोचेस्तोवर निम्म्या वेळा आठवतच नाही कशाला उठले होते.

आता म्हणाल, घरून अर्जंट फोन आला तर? बरोबर, म्हणूनच सरसकट सायलेंट ही पण चूकच, कारण मग मिस्ड कॉल बघायला आपणच दर पाच मिनिटांनी उठतो. त्यापेक्षा डू नॉट डिस्टर्ब लावा, त्यात घरच्यांचे नंबर चालू ठेवा, आणि रिपीट कॉलचं सेटिंग बघून घ्या. त्याच नंबरवरून अँड्रॉइडला 15 मिनिटांत, आयफोनला 3 मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. आईला सांगितलं, अर्जंट असेल तर लगेच परत लाव. ती म्हणे, "म्हणजे पहिल्यांदा तू उचलणारच नाहीस?" हो आई, नाही उचलणार.

फोन लांब ठेवून व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवलं तर काय उपयोग? टॅबवर तो कंसातला आकडा वाढताना दिसतो आणि हात जातोच. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार हा एक मेसेज आणि त्याखाली चाळीस अंगठे. म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, पाणी आलं की नळ सांगतोच.

घरच्यांवर चिडणं ही पण चूकच. नुसतं दार लावलं तर कुणाला काय कळणार, "साडेबारापर्यंत हाक मारू नका" असं वेळ सांगून बोला. आणि कुकर लावून कामाला बसू नका, अर्धं डोकं शिट्ट्याच मोजत बसतं.

एक चूक मला फार उशिरा कळली. ठाण्याहून ट्रेनने ऐरोली म्हणजे मध्ये एक दिघा गाव, संपलं, पण तेवढ्यात मी दहा-बारा रील्स बघायचे आणि ऑफिसात पोचल्यावर अर्धा तास नुसती मेल वरखाली करत बसायचे. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने 2009 मध्ये हेच मांडलंय, एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की मनाचा थोडा भाग आधीच्यातच अडकून राहतो. तिचाच पुढचा उपाय सोपा आहे, उठावंच लागलं तर आधी कागदावर एक ओळ लिहायची, कुठे थांबले आणि आल्यावर पहिलं काय करायचं. माझी कालची ओळ, "रो 46, जीएसटी चेक, मग चहा". परत आल्यावर खरंच दोन मिनिटांत गाडी रुळावर.

राहिला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा आवाज. त्यावर गाणी लावू नका, शब्द ऐकू आले की वाचलेलं डोक्यात शिरत नाही. मी पंखा पाचवर ठेवते. कागद उडतात, मग त्यावर वजन म्हणून फोन आणून ठेवावासा वाटतो, तेवढं करू नका.