नागपुरात कुत्रं-मांजर घेऊन येताय? आधी भिंती बघा

मी साताऱ्याहून बदलीवर आलो त्याला १४ वर्षं झाली. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात, नोकरी लागून येणारी आपल्याकडची मंडळी फोन करतात, घर कुठं बघू, शाळा कुठली चांगली. सोबत कुत्रं असेल तर मी उलटा प्रश्न विचारतो: घराच्या भिंतींना भेगा किती आहेत?

हसू नका. आपण गोचीड कुत्र्याच्या अंगावर शोधतो. पण ही तपकिरी गोचीड अंगावर फक्त जेवायला येते. पोट भरलं की उतरून चौकटीच्या फटीत, प्लास्टरच्या भेगेत, कूलरच्या स्टँडमागं जाऊन बसते आणि तिथंच हजारोंनी अंडी घालते. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात छताजवळ करड्या मसुरीचे दाणे चिकटल्यासारखे दिसायचे. बायकोनं झाडूनं एक दाणा पाडला, तर तो चालायला लागला.

तोवर उशीर झाला होता. आमचा कुत्रा शेरू दोन दिवस जेवत नव्हता. "उन्हानं मलूल होऊन राहिला, भाऊ," शेजारचे काका म्हणाले आणि मलाही ते पटलं. वर शहाणपणा म्हणून मी जंताची गोळी चारली. तिसऱ्या दिवशी अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर त्यानं लघवी केली ती कोऱ्या कॉफीच्या रंगाची. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक.

सेमिनरी हिल्सला १९५८ सालचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथं नेलं. कानाच्या टोकाला सुई टोचून थेंबभर रक्त काचपट्टीवर ओढलं. डॉक्टरांनी मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं: तांबड्या पेशीच्या आत टोकाला टोक लावून बसलेले दोन थेंब. बबेसिया. पेशीत वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. जंताची गोळी कृमींसाठी असते. हा एकाच पेशीचा जीव, त्याचं त्या गोळीनं काहीच बिघडत नाही.

इथं गोचिडीमुळं येणाऱ्या तापाला सगळे सरसकट 'टिक फीवर' म्हणतात. त्यावर समाधान मानू नका, कुठला ते विचारा. गोचिडीतूनच येणारा अर्लिकिया हा जिवाणू आहे, त्याला डॉक्सिसायक्लिन चालतं. बबेसियाला औषध वेगळं, आणि त्यातही बबेसियाच्या मोठ्या जातीला इमिडोकार्बचं इंजेक्शन, तर गिब्सोनी नावाच्या छोट्या जातीला ते पुरत नाही. कधी दोन्ही रोग एकदम असतात. काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही; शंका असेल तर पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करून घ्या. आणि गिब्सोनी कुत्र्यांच्या चाव्यातूनही पसरतो, तेव्हा गल्लीतल्या मारामारीनंतर नुसतं हळद लावून मोकळं होऊ नका.

गोचीड चिकटल्यापासून बबेसिया अंगात जायला साधारण दोन दिवस लागतात, म्हणून रोज संध्याकाळी हात फिरवायचाच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. चिमट्यानं सरळ ओढा, स्पिरिटमध्ये टाका, बोटांनी चिरडू नका. कुत्र्याला स्वतःला गोचीड चावून खाऊ देऊ नका. हिपॅटोझून नावाच्या आणखी एका परजीवीचा रोग गोचीड गिळल्यानंच होतो. भेगा पुट्टीनं बुजवा. डॉक्टरांना विचारून गोचिडीची गोळी वर्षभर चालू ठेवा.

घरात मांजर असेल तर एक गोष्ट कागदावर लिहून फ्रिजला लावा: कुत्र्याचं गोचिडीवरचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावायचं नाही. मांजर मरू शकतं.

मांजराचा विषय निघाला की टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला धोका करू शकणारा परजीवी, येतोच. घरात कुणी गरोदर असलं की सासूबाई मांजर घालवायला निघतात. गरज नाही. मांजर विष्ठेतून हे जंतू बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकतं, आणि ते बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ करा, गरोदर बाईनं करू नये, एवढंच. मांजराला कच्चं मटण देऊ नका आणि सावजी करताना मटण नीट शिजू द्या. धोका तिथं जास्त आहे.

उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका, बाहेरच्या डबक्यातलं तर नाहीच. घाण पाण्यातून जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीची लागण होते: बुळबुळीत, उग्र वासाचे जुलाब. पिल्लाच्या जुलाबात रक्त दिसलं तर कॉक्सिडिया हा आतड्यातला दुसरा परजीवी असू शकतो. ताजी शी डबीत घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे दुसरा हेलपाटा वाचतो.

आणि किल्ली घेण्याआधी घरमालकाला विचारा, आधीच्या भाडेकरूकडे कुत्रं होतं का. घर चार महिने रिकामं होतं म्हणाला तरी भेगा बघाच. गोचीड तेवढे दिवस उपाशी सहज काढते.